वाचकांचे प्रश्न : मॉडेल गाड्यांचे रंगकाम, वायरिंग आणि मेबॅक

प्रश्न : १:२४ प्रमाणाच्या (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढ्या) किटच्या बॉडीवर स्प्रेच्या डब्याने गडद निळा लॅकर मारला. जुलैचा पाऊस सुरू होता. तासाभरात रंगावर पांढरट झाक आली. डबा खराब निघाला का? (राजारामपुरी)

उत्तर : डबा ठीक आहे, दोष ओल्या हवेचा. लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभाग गार करतो. कोल्हापुरातल्या पावसाळी हवेत त्या गार पृष्ठभागावर लगेच बाष्प धरते. ते ओल्या रंगात शिरले की झाक पांढरी पडते.

त्यावर लगेच दुसरा हात मारू नका, नाहीतर पांढरेपणा आत कोंडला जाईल. कोरडा दिवस बघा आणि रिटार्डर (सुकणे लांबवणारे द्रव्य) घातलेल्या लॅकर थिनरचा एअरब्रशने अगदी हलका फवारा द्या. वरचा थर क्षणभर मऊ होतो, अडकलेला ओलावा निघून जातो आणि निळा परत येतो. नाही आला, तर आठवडाभर सुकू द्या, १५०० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात घासा आणि नव्याने रंगवा. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) थिनर मात्र उघड्या प्लास्टिकला लागू देऊ नका. किटचे पॉलिस्टायरीन त्यात विरघळते आणि बॉडीवर बारीक तडे उमटतात.

पुढच्या वेळी खोलीत आर्द्रतामापक ठेवा. काटा ६५ टक्क्यांच्या वर असेल तर लॅकर नकोच. फवारण्याआधी डबा ४० अंशांच्या कोमट पाण्यात पाच मिनिटे धरला तर फवारा बारीक पडतो. तो गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात कधीही ठेवू नये, फुटतो. खरे तर पावसाळा हा चॅसी, इंजिन आणि सीटचे ब्रशकाम उरकण्याचा काळ. बॉडीचा रंग दिवाळीनंतर मारलेला बरा.

प्रश्न : काळजीपूर्वक रंगवूनही दारांच्या आणि बॉनेटच्या रेषा बुजतात. गाडी साबणाच्या वडीसारखी दिसते. (शाहूपुरी)

उत्तर : प्रमाण लांबीला लावतो तसे जाडीलाही लावायचे असते. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींचे मूळ इथेच सापडते. खऱ्या गाडीचा कारखान्यातला रंग साधारण १०० ते १२० मायक्रॉन जाड असतो. मॉडेलवर प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून तेवढाच थर बसला, तर १:२४ च्या हिशेबाने तो खऱ्या गाडीवरच्या अडीच मिलीमीटर जाडीएवढा झाला. उलट दाराची खरी फट चार मिलीमीटर धरली, तर मॉडेलवर ती जेमतेम ०.१७ मि.मी. उरते. ती बुजणारच.

म्हणून प्रायमरआधी सगळ्या रेषा ब्लेडच्या पाठीने हलक्या हाताने चार-पाच वेळा ओढून खोल करा. जोर लावला की पाते रेषेबाहेर घसरते. मग बॉडी भांड्याच्या साबणाने धुवा, कारण साच्यातल्या तेलकट थरावर रंग टिकत नाही. प्रायमरचा एकच पातळ हात द्या. रंगाचे दोन हात धूसर (विरळ फवाऱ्याचे) आणि एक ओला (भरपूर), प्रत्येकामध्ये १५-२० मिनिटे. रेषेत रंग साचलेला दिसला तर तो ओला असतानाच पुसायला जाऊ नका. सुकल्यावर रेषा पुन्हा ओढा.

प्रश्न : इंजिनला प्लगच्या वायरी आणि सीटना खरे चामडे लावायचे आहे. ओळखीचे चप्पल कारागीर तुकडे द्यायला तयार आहेत. (सुभाषनगर)

उत्तर : चामडे नको. चपलेचे कातडे सहज दोन मिलीमीटरचे असते. १:२४ मध्ये ते ४८ मिलीमीटर जाड झाले. सीट नव्हे, गादीच. तासून अर्ध्या मिलीमीटरवर आणले तरी १२ मिलीमीटर होतात आणि कडा दुमडत नाहीत. १:८ चे मोठे मॉडेल असेल तर हेच अर्ध्या मिलीमीटरचे चामडे शोभून दिसेल. तुमच्या गाडीला सीटवर अर्धचकाकीचा ॲक्रिलिक रंग द्या आणि शिवणीच्या खाचांत पातळ गडद रंग सोडा. कापडी छप्पर करायचे असेल तर औषधाच्या दुकानातली कागदी सर्जिकल टेप चिकटवून वरून रंगवा. तिचा पोत छान उतरतो.

वायरींसाठी उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे ३० गेजची इनॅमल तार मागा. ती ०.३१५ मि.मी. जाड असते. प्लगची खरी वायर सात-आठ मिलीमीटरची, म्हणजे हे माप जवळपास बिनचूक बसते. इनॅमलवर रंग धरत नसेल तर तार १००० च्या पेपरमधून एकदा ओढून घ्या. भोके ०.३५ च्या ड्रिलने पाडा, पण हातड्रिलनेच. विजेच्या ड्रिलने प्लास्टिक वितळते. हातड्रिल, बारीक कानशी आणि चिमटे गुजरीच्या आसपास सोनारकामाच्या हत्यारांच्या दुकानांत बघा.

प्रश्न : १:१८ च्या धातूच्या गाडीचा जुना रंग कॉस्टिक सोड्यात बुडवून काढावा, असे एकाने सांगितले. (कसबा बावडा)

उत्तर : बुडवू नका. या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या असतात आणि कॉस्टिक जस्तच खाते. हायड्रोजनचे बुडबुडे येतात, पृष्ठभाग काळा पडतो, बारीक खड्डे पडतात. जेलसारखे पेंट रिमूव्हर वापरा. हातमोजे घालून, अंगणात. त्याआधी काचा, दिवे, सीट सगळे काढा. तळाशी स्क्रूऐवजी रिव्हेट असतील तर मध्यावर पंच मारा आणि चार मिलीमीटरच्या ड्रिलने फक्त डोके उडवा. रिव्हेटच्या खांबात १.६ मि.मी.चे भोक पाडून एम-२ चा टॅप (स्क्रूचे आटे पाडणारे हत्यार) फिरवला की गाडी पुढे कितीही वेळा उघडता येते. नंतर एच प्रायमर (धातूला किंचित कोरून घट्ट धरणारा) लावा, साधा प्रायमर जस्तावरून सोलून निघतो. धातू फुगलेला आणि आपोआप तडकलेला दिसला तर मेहनत करू नका. मिश्रणात शिसे जास्त राहिल्याने तो आतून कुजतो आणि त्यावर इलाज नाही.

प्रश्न : दसऱ्याला दसरा चौकात येणाऱ्या कोल्हापूरच्या छत्रपतींच्या मेबॅक या जुन्या जर्मन मोटारीचे मॉडेल करायचे आहे. किट कुठे सापडला नाही. (मंगळवार पेठ)

उत्तर : फार सुंदर विषय निवडलात. काम एका वर्षाचे धरा आणि सुरुवात फोटोंनी करा. मोबाइल गाडीजवळ नेऊन काढलेल्या फोटोत पुढचा भाग फुगतो आणि त्यावरून घेतलेली मापे चुकतात. निदान दहा मीटर लांब उभे राहा, झूम करा आणि कॅमेरा चाकाच्या आसाच्या उंचीवर धरा. बगल, पुढून आणि मागून असे सरळ फोटो हवेत.

मग एक खात्रीचे माप मिळवा. समजा, पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर ३.६ मीटर आहे. १:२४ मध्ये ते १५० मि.मी. येते. बगलेचा फोटो बरोबर तेवढा छापा आणि पट्टीने तपासा, कारण प्रिंटर आपल्या मर्जीने आकार बदलतात.

शिवण झाडाच्या लाकडाचा ठोकळा या रेखाटनापेक्षा सगळीकडून एक मिलीमीटर लहान कोरा. त्यावर एक मिलीमीटरची पॉलिस्टायरीन शीट गरम करून व्हॅक्यूम क्लीनरने ओढायची आहे. शीट मध्यभागी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर झोळ धरेल तेव्हाच ती ठोकळ्यावर घ्या. आधी घेतली तर कोपरे भरत नाहीत, उशीर झाला तर फाटते. मडगार्ड वेगळे ओढा, नाहीतर आतल्या वळणात ठोकळा अडकून बसेल. पहिल्या खेपेला दारे बंदच ठेवा. उघडणाऱ्या दाराची जाड कड सगळी मेहनत वाया घालवते.

रिमा उद्यमनगरात लेथवर ॲल्युमिनियममधून काढून घ्या. चारही एकाच वेळी सांगा आणि तोंडी नव्हे, मापांसह रेखाटन द्या. टायरचा खरा व्यास ७५ सें.मी. निघाला तर मॉडेलवर ३१ मि.मी. येतो. ऑइल सीलच्या दुकानातली ५.७ मि.मी. जाडीची, साडेएकोणीस-वीस आतल्या व्यासाची ओ-रिंग इथे चालते. क्रोमच्या पट्ट्यांना स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल पातळ वॉर्निशवर चिकटवा. चंदेरी रंगापेक्षा तो कितीतरी खरा दिसतो. काचा मात्र फेव्हिकॉलनेच. फेव्हिक्विकची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी बसते.

प्रश्न : कपाटात ठेवलेल्या जुन्या मॉडेलचे टायर खालच्या प्लास्टिकला चिकटून खड्डे पडले आहेत. (ताराबाई पार्क)

उत्तर : मऊ व्हिनाइलच्या टायरमधले तेलकट द्रव्य वर्षानुवर्षे झिरपते आणि पॉलिस्टायरीनला मऊ करते. पडलेले खड्डे लांबी (पुट्टी) भरून घासावे लागतील. पुढे गाडी जॅकसारख्या छोट्या ठोकळ्यावर आसांनी टेकवा, टायर अधांतरी राहू द्या. रिम आणि टायरमध्ये ॲल्युमिनियम टेपचा वेढा घाला. न जोडलेल्या किटमधले टायरही पहिल्याच दिवशी वेगळ्या पिशवीत काढून ठेवा.