कानाच्या मापाने बनवलेले कस्टम इन-इअर (कानाच्या नळीत बसणारे इअरफोन) लाखांच्या घरात का जातात?

तुमच्या प्रश्नाचा रोख असा दिसतो: बोटाच्या पेराएवढे दोन रेझिनचे तुकडे, आत इवलेसे स्पीकर, मग किंमत दोन-अडीच लाख कशी?

आधी सुट्या भागांचा हिशेब करू, कारण खर्च तिथेच असणार असं बहुतेकांना वाटतं. आतले ड्रायव्हर, म्हणजे ते इवलेसे स्पीकर, बहुधा बॅलन्स्ड आर्मेचर (चुंबकांमध्ये हलणाऱ्या बारीक पातीच्या) जातीचे असतात. ही जात श्रवणयंत्रांच्या धंद्यातून आली. अमेरिकेची नोल्स आणि डेन्मार्कची सोनियन हे तिचे दोन मोठे उत्पादक. ६४ ऑडिओच्या ए१८टी या मॉडेलमध्ये एका कानात १८, म्हणजे जोडीत ३६ ड्रायव्हर असतात आणि किंमत साधारण ३००० डॉलर. एका ड्रायव्हरला सरासरी हजार रुपये धरले तरी ३६ हजार झाले. क्रॉसओव्हरचे (सूर वेगवेगळ्या ड्रायव्हरना वाटून देणाऱ्या सर्किटचे) कपॅसिटर आणि रेझिस्टर, डॅम्पर (नळीत आवाज थोडा अडवणाऱ्या जाळ्या), नळ्या, रेझिन, सॉकेट, केबल हे सगळं मिळवलं तरी माझ्या अंदाजाने आकडा पन्नास-साठ हजारांपलीकडे जात नाही. उरलेले पैसे मालात नाहीत.

ते मुख्यतः हातांच्या कामात आहेत. दुकानात मिळणाऱ्या साध्या इन-इअरसाठी कंपनी एकदा महागडा साचा बनवते आणि त्यातून लाखो नग काढते. कस्टममध्ये प्रत्येक शेल, म्हणजे रेझिनचं कवच, एकाच माणसासाठी बनतं. ते परत आलं तर दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. ड्रायव्हर काढून पुन्हा वापरता आले तर आले.

सुरुवात कानाच्या ठशापासून होते आणि सगळ्यात जास्त बिघाड इथेच होतात. ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आधी ऑटोस्कोपने, म्हणजे कानात पाहायच्या दिव्याने, मळ आणि पडदा तपासतो. मग दोरा बांधलेला फोमचा छोटा अडसर कानाच्या नळीत दुसऱ्या वळणापलीकडे सरकवतो, म्हणजे सिलिकॉन पडद्यापर्यंत जात नाही. दोन भागांचं सिलिकॉन समप्रमाणात मळून सिरिंजने भरतात. भरताना सिरिंजचं टोक सिलिकॉनमध्येच बुडालेलं राहायला हवं, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात. सुमारे ५ मिनिटांत ते बसतं. अडसर दुसऱ्या वळणाच्या अलीकडेच राहिला तर ठसा आखूड येतो आणि शेलची पकड ढिली होते. जबडा हलला की कानाची नळी आकार बदलते, म्हणून बहुतेक कंपन्या दातांत ठोकळा धरून तोंड उघडं ठेवायला सांगतात. गायकाने मिटल्या तोंडाने ठसा दिला, तर वरच्या सुराला तोंड उघडताच फट पडते आणि बास गायब होतो. कारण साधं आहे: खालच्या सुरांना बंद पोकळीत दाब तयार व्हावा लागतो. केसाएवढी फट असली तरी तो दाब निसटतो, आणि दोष मात्र ड्रायव्हरच्या माथी मारला जातो.

ठसा कारखान्यात आला की त्याची छाटणी होते. कुठे किती घ्यायचं हे अनुभवाचं काम आहे. एखादा मिलीमीटर जास्त राहिला तर तासाभरात कान दुखतो, कमी झाला तर हवा गळते. मग ठसा थ्रीडी स्कॅन करून शेल छापतात, किंवा जुन्या पद्धतीने त्याचा पारदर्शक साचा करून त्यात यूव्ही रेझिन ओततात. बाहेरून काही सेकंद प्रकाश दिला की साच्यालगतचा थर घट्ट होतो आणि आतलं पातळ रेझिन ओतून टाकलं की पोकळ शेल उरतं. हवेतला ऑक्सिजन रेझिनचा पृष्ठभाग चिकट ठेवतो, म्हणून शेवटचं क्युरिंग ग्लिसरीनमध्ये बुडवून करतात. त्यानंतर घासणं, पॉलिश, लॅकर. जपानच्या फिटइअरमागे दातांचे साचे बनवणारी प्रयोगशाळा आहे, यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही. कौशल्य तेच लागतं.

खरी कसोटी मात्र जुळणीत आहे. प्रत्येक कानाची पोकळी वेगळी, पण आवाज मात्र डेमोला ऐकलेल्या जोडीसारखाच यायला हवा. ड्रायव्हरपासून शेलच्या टोकापर्यंत बारीक नळ्या जातात आणि त्यांच्या लांबीवर वरच्या पट्टीतली शिखरं सरकतात. १० किलोहर्ट्झला ध्वनीची तरंगलांबी जेमतेम ३.४ सेंमी असते. नळी ५ मिमीने लांबली तर लहरीच्या सातव्या भागाएवढा फरक पडतो. दोन ड्रायव्हर ज्या पट्टीत एकत्र वाजतात तिथे असा फरक पडला की आवाज एकमेकांना खाऊ लागतात. सोल्डर करताना एका ड्रायव्हरचं प्लस-मायनस उलटं लागलं तरी तिथे खड्डा पडतो. आणि ते सोल्डरिंगही नाजूक असतं: सोल्डरिंग आयर्नचं टोक जरा जास्त वेळ टेकलं तर आतली केसासारखी तार जाते. नळीत बसणारे डॅम्पर रंगावरून ओळखतात. नोल्सचा पांढरा ६८० अकूस्टिक ओहमचा (आवाजाला होणाऱ्या अडथळ्याचं माप), तपकिरी १०००, हिरवा १५००, लाल २२००. चुकीचा रंग बसला तर संपूर्ण मध्यपट्टी बदलते.

शेल बंद करण्याआधी प्रत्येक बाजू कृत्रिम कानावर (कानाच्या नळीची नक्कल करणाऱ्या मायक्रोफोनवर) मोजतात. डावी-उजवी १-२ डेसिबलच्या आत जुळली नाही तर गायकाचा आवाज मधोमध न राहता एका कानाकडे झुकतो. मग ड्रायव्हर बदलायचा, पुन्हा मोजायचं. एका कानात १८ ड्रायव्हर असलेल्या जोडीत हे काम किती वाढतं याची कल्पना करा. सोनियनचे इलेक्ट्रोस्टॅटिक ट्वीटर (वरच्या सुरांचे खास ड्रायव्हर) वापरले तर त्यांचा छोटा ट्रान्सफॉर्मरही त्याच पोकळीत मावायला हवा. लहान कानात तो मावतच नाही, आणि कंपनीला तसं सांगावं लागतं.

फिटिंग जमलं नाही तर ठरावीक मुदतीत फुकट दुरुस्ती करून द्यायची असते, तो खर्च प्रत्येक जोडीवर आधीच चढवलेला असतो. भारतात मागवताना त्यावर सीमाशुल्क आणि १८ टक्के जीएसटी. विक्रेत्याचा नफा आणि नावाचा भावही आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही.

माझं स्पष्ट मत: स्टेजवर वाजवणाऱ्याला ३ ते ६ ड्रायव्हरची जोडी पुरते. कस्टमचा मोठा फायदा म्हणजे बाहेरचा आवाज अडणं. अल्टिमेट इअर्स आपल्या कस्टमसाठी २६ डेसिबल सांगते. तो फायदा चांगल्या ठशातून येतो, ड्रायव्हरच्या संख्येतून नाही. ड्रमरला त्यामुळे मॉनिटरचा, म्हणजे स्टेजवर स्वतःला ऐकू येणारा, आवाज कमी ठेवता येतो आणि कान वाचतात. त्यावरचे लाख-दीड लाख बारकाव्यांसाठी आणि हौसेसाठी आहेत. घरी शांत खोलीत ऐकणार असाल तर मी कस्टम घ्यायला सांगणारच नाही.

घ्यायचंच ठरलं असेल, तर पैसे भरण्याआधी कंपनीला विचारा: फिटिंगची मुदत किती दिवसांची आणि ती कधीपासून मोजतात, परत पाठवण्याचा खर्च कुणाचा, दुरुस्त होऊन येणाऱ्या जोडीवर पुन्हा शुल्क लागू नये म्हणून कुठली कागदपत्रं देणार, आणि तुमच्या जोडीचा डाव्या-उजव्याचा मोजलेला आलेख मिळेल का. ठसा श्रवणयंत्रांचे साचे नेहमी घेणाऱ्याकडूनच घ्या आणि कुरिअर करण्याआधी स्वतः पाहा: नळीचा भाग दुसऱ्या वळणापलीकडे गेलेला असावा, कुठे बुडबुडा किंवा घडी नसावी. असली तर तिथेच, त्याच दिवशी, दुसरा ठसा घ्यायला सांगा.