तिच्या प्रश्नातच विषय दडलाय

साखळीहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलीने दोनदा नीट दिली, एमबीबीएस हुकलं. आता ती बी.फार्म. (औषधशास्त्राची पदवी) म्हणते, आणि आईला वाटतं, मुलगी जन्मभर औषधाच्या दुकानात उभी राहणार. शेवटी जाता जाता त्या लिहितात: आजोबा हार्ट फेल्युअरमुळे गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) होते तेव्हा डोब्युटामिनचं ड्रिप लावलं होतं, घरी पाठवताना मेटोप्रोलॉलची गोळी दिली. ‘एक हृदयाचा जोर वाढवतं, दुसरं कमी करतं, मग दोन्ही कशी?’ असं मुलगी सारखी विचारते.

ताई, पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ हीच. डोब्युटामिन हृदयाच्या पेशीवरच्या बीटा-१ रिसेप्टरवर, म्हणजे संदेश घेणाऱ्या कुलपावर, बसतं. पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप पोचवणारा रेणू वाढतो, कॅल्शियम जास्त आत येतं आणि स्नायू जोराने आवळतो. मला याची पुढची पायरी फार आवडते: तेच कॅल्शियम साठ्यात परतही झपाट्याने ओढलं जातं, म्हणून स्नायू सैलही लवकर पडतो आणि ठोके वाढले तरी हृदय भरायला सवड मिळते. मेटोप्रोलॉल हाच रिसेप्टर अडवतं, म्हणून त्याला बीटा ब्लॉकर म्हणतात. चढावर थकलेल्या बैलाला पराणी टोचली तर गाडी वर चढते. रोज टोचली तर बैल बसतो. दुबळ्या हृदयाला शरीर स्वतःच महिनोन्महिने अशी पराणी टोचत असतं. म्हणून प्रकृती स्थिरावली की बीटा ब्लॉकर अगदी थोड्या मात्रेपासून सुरू करतात.

औषध शरीरात कसं काम करतं, या विषयाला फार्माकॉलॉजी म्हणतात. पहिल्या बीटा ब्लॉकरांपैकी प्रोप्रॅनोलॉल शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना 1988 चं नोबेल मिळालं. ते काम त्यांनी औषध कंपनीत राहून केलं होतं. पणजीच्या सरकारी फार्मसी कॉलेजात 4 वर्षं बी.फार्म., मग जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन 2 वर्षं एम.फार्म., असा रस्ता आहे. गोव्यातच वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत काम आहे, पण बरंचसं उत्पादन आणि गुणवत्ता तपासणीचं. संशोधनासाठी पुणे-हैदराबाद गाठावं लागेल, त्याची तयारी घरात आतापासून ठेवा.

तिला एकच विचारा: रुग्ण तपासायचेत की औषध समजून घ्यायचंय? रुग्ण म्हणाली, तर बी.फार्म.ने तिची हौस भागणार नाही.

आणि हो, तिच्या प्रश्नामुळे शंका आली म्हणून आजोबांची गोळी घरच्या घरी बंद करू नका. ती एकाएकी सोडणं धोक्याचं असतं. आधी डॉक्टरांना विचारा.