नवऱ्याला झोपेत श्वास थांबण्याचा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया आहे. तोरणमाळला तंबूत एक रात्र सीपॅपशिवाय (मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्राशिवाय) काढली तर चालेल का?

नाही ताई, एक रात्रही नको. आम्ही हेच केलं होतं, म्हणून इतकं ठाम सांगते.

चार वर्षांपूर्वी आम्ही जळगावहून तोरणमाळला गेलो. डोंगरावरच्या मोकळ्या हवेत बरंच वाटेल म्हणून यंत्र घरी ठेवलं. रात्रभर मी जागी. यांचं घोरणं एकदम थांबायचं, छाती हलायची पण हवा आत जायची नाही, मग दचकून मोठा श्वास. झोपेत घशाचे स्नायू सैलावून श्वासाची वाट बंद होते. हवा कितीही स्वच्छ असली तरी ती वाट उघडत नाही. सकाळी हे "छान झोप लागली" म्हणत गाडी चालवायला बसले आणि शहाद्याच्या अलीकडे यांचा डोळा लागला. मी ओरडले म्हणून गाडी रस्त्यावर राहिली. घाट उतरताना असं झालं असतं तर, हा विचार अजून माझ्या मनातून जात नाही.

आता यंत्र नेतोच, पण आधी गच्चीवर तालीम करतो. उन्हाळ्यात आपण गच्चीवर झोपतोच. एक रात्र यंत्र फक्त बॅटरीवर चालवा आणि सकाळी किती चार्ज उरलाय ते बघा. सगळ्यात जास्त वीज ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर करणारा भाग खातो, कारण तो पाणी तापवतो. आमचं यंत्र त्याच्याशिवाय रात्रीला ६०-७० वॅट-अवर घेतं. तो लावला की तिप्पट-चौपट. दाब किती आणि मास्कमधून गळती किती, यावर तुमचा आकडा वेगळा येईल. ह्युमिडिफायर बंद असला की नाक-घसा कोरडा पडतो, तेही घरीच कळलेलं बरं. नेणारच असाल तर प्रवासात त्याची टाकी रिकामी ठेवा, नाहीतर पाणी यंत्रात शिरतं.

मोबाइलच्या साध्या पॉवरबँकेवर विसंबू नका. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर, हिशोबात पुरेसे वाटतात. पण तिच्यातून ५ व्होल्ट निघतात आणि यंत्राला १२ किंवा २४ लागतात. यंत्रावर किंवा अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट बघून त्याच मापाची डीसी केबल आणि बॅटरी घ्या. इन्व्हर्टर लावून २३० व्होल्ट करायचे आणि अ‍ॅडॉप्टरने पुन्हा उतरवायचे, यात वीज फुकट जाते.

उंचीची काळजी नको, तोरणमाळ सुमारे ११५० मीटरवर आहे. शेकोटी मात्र तंबूपासून लांब असू द्या, धूर फिल्टरमधून आत ओढला जातो. थंडीत बॅटरी लवकर उतरते. ती तंबूत घ्या, पण यंत्र आणि बॅटरी दोन्ही गोधडीखाली झाकू नका. नवऱ्याला कुशीवर झोपायला सांगा. आणि कोणी मोहाची दारू कितीही आग्रहाने पुढे केली तरी त्या रात्री नाहीच. दारूने घसा आणखी सैल पडतो.

माझं ऐकाल तर पहिली रात्र घराजवळच्या शेतात काढा. आम्ही हिवाळ्यात भरीत पार्टीनंतर मळ्यातच तंबू लावला होता, काही बिघडलं तर वीस मिनिटांत घर. पहाटे तीनला सवयीने मला जाग आली. यंत्र चालू होतं, श्वास एकसारखा होता. मी कूस बदलून परत झोपले.