टर्बो आणि मॅनिफोल्ड यांच्या सांध्यातून गळती

प्रश्न : माझ्याकडे १९९८ सालचा सहा सिलिंडरचा टर्बो डिझेल ट्रक आहे. खंबाटकी घाट चढताना टर्बोजवळून फुसफुस असा आवाज येतो, धूर काळा पडतो आणि गाडीची ओढ कमी झाली आहे. मेकॅनिकने दोनदा पॅकिंग बदलून त्यावर लाल सिलिकॉनही लावले, पण दोन्ही वेळा आठवडाभरात गळती पुन्हा सुरू झाली. याहून चांगले सीलंट कोणते?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला जळका वायू एकत्र करून टर्बोकडे नेणारा बिडाचा भाग) आणि टर्बो यांच्या या सांध्यासाठी सीलंट शोधूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लाल सिलिकॉन साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरते, तर भरलेला ट्रक घाट चढत असताना टर्बोत शिरणारा वायू ६०० अंशांच्याही पुढे तापलेला असतो. सिलिकॉन जळून जाते आणि आत ओघळलेला त्याचा तुकडा सुटला, तर तो थेट टर्बाइनच्या (टर्बोतल्या, या वायूने फिरणाऱ्या चाकाच्या) पात्यांवर जाऊन आदळतो. ही गळती टर्बाइनच्या आधीची असल्यामुळे टर्बो फिरवणारा दाबच वाया जातो, इंजिनाला हवा कमी पडते, आणि तुम्हाला दिसणारा काळा धूर व कमी झालेली ओढ ही दोन्ही त्याचीच लक्षणे आहेत.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर टर्बो उतरवून दोन्ही फ्लँज (एकमेकांना टेकणारे सपाट, भोके असलेले भाग) नीट पाहा. जिथून वायू निसटत होता, तिथे काजळीचा पट्टा बाहेरच्या कडेपर्यंत गेलेला दिसेल आणि जुन्या गळतीत त्या जागी बिडाला बारीक खाचही पडलेली असते. फ्लँज खरवडून स्वच्छ करा, त्यावर सरळ पोलादी पट्टी आडवी-तिरपी ठेवा आणि खाली फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पोलादी पानांचे मापक) सरकवून पाहा. ०.१० मि.मी.चे पान आत शिरत असेल, तर कितीही भारी पॅकिंग आणले तरी ते टिकणार नाही. मॅनिफोल्ड मशीन शॉपमध्ये देऊन फेस मारून (सांध्याचा पृष्ठभाग घासून सपाट करून) घ्यावा. त्याच वेळी भोकांच्या मधल्या भिंतीला तडा गेलेला नाही ना, हेही पाहावे, कारण तडा बाहेरपर्यंत पोहोचलेला असेल तर मॅनिफोल्ड बदलणेच योग्य ठरते.

माझा खरा संशय मात्र सायलेन्सरच्या पाइपावर आहे. जुन्या गाड्यांत पाइपाचा आधाराचा ब्रॅकेट तुटलेला किंवा कधीतरी काढून टाकलेला असतो आणि मग त्या पाइपाचे सगळे वजन व हादरे टर्बोच्या चार स्टडांवर (दोन्हीकडे आटे असलेल्या, नट बसणाऱ्या सळ्यांवर) येतात. टर्बोकडचा क्लॅम्प सैल केल्याबरोबर पाइप बोटभर खाली किंवा बाजूला उडाला, तर सांधा ताणाखाली होता हे निश्चित समजा. तो ताण काढला नाही, तर तिसरे पॅकिंगही जाईल.

जोडताना पोलादी पॅकिंग कोरडेच बसवा. स्टड आणि लॉकनट उष्णतारोधक व नवे घ्या. जस्ताचा मुलामा दिलेले साधे नट इथे चालत नाहीत, कारण जस्त ४१९ अंशांनाच वितळते. आट्यांना निकेलयुक्त अँटी-सीझ (उष्णतेने आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावून नट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत (आवळण्याच्या ठरावीक जोरापर्यंत) आवळा. टर्बोच्या ऑइल लाइनमध्ये स्वच्छ तेल भरल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. पहिली फेरी झाल्यावर इंजिन थंड होऊ द्या आणि नटांचा टॉर्क पुन्हा तपासा.