फोटो न टाकलेल्या तीन वह्या

ताई,
माझं वय ३६. दिवसभर नोकरी, घर, मुलगा. रात्री सगळे झोपले की मी वह्या शिवते. अगदी जुजबंदी: कागदाच्या घड्या, दाभणाने भोकं, मेण लावलेला दोरा, खळ, पुठ्ठा. चार वर्षांत साठेक वह्या झाल्या. आधी समाजमाध्यमांवर फोटो टाकायचे. तिथे लाइक मोजत बसायचे आणि शिवणं बाजूला राहायचं, म्हणून खातं बंद केलं. थोडं एचटीएमएल शिकून स्वतःची छोटी वेबसाइट केली, तिला आता नऊ महिने झाले. तिच्यावर ४१ वह्यांचे फोटो आहेत. मागच्या खेपेला आठ वह्या केल्या, त्यातल्या तिघींचे पुठ्ठे वाळल्यावर वाकले. त्यांचे फोटो अर्थातच टाकले नाहीत. पानाच्या तळाशी भेटींचा आकडा दिसतो, तो बहुतेक माझ्याच येण्याजाण्याने वाढतो. नवरा चांगला आहे, पण विचारतो, "हे बघतं कोण?" मला उत्तर देता येत नाही. दोऱ्याच्या गाठीवर अर्धा तास बोलेल असं एकही माणूस माझ्या ओळखीत नाही. साइट बंद करू का? या वयात असे सवंगडी शोधणं पोरकटपणाचं आहे का?
– रात्री वह्या शिवणारी

प्रिय रात्री वह्या शिवणारी,

शेवटचा प्रश्न आधी घेते. पोरकटपणा मुळीच नाही. १८७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला हौशी छपाईवाल्यांनी एक संघटना काढली, नॅशनल अ‍ॅमॅच्युअर प्रेस असोसिएशन. घरातल्या लहानशा यंत्रावर स्वतः अक्षरांचे खिळे जुळवायचे, दोन-चार पानं छापायची आणि ती संघटनेमार्फत बाकीच्या सभासदांना पाठवायची. बदल्यात त्या सभासदांची पानं यायची. विकायचं काही नव्हतं. हे शंभराहून जास्त वर्षं चाललं, आणि सुरुवातीला ते चालवणारी बहुतेक किशोरवयीन मुलं असली, तरी पुढे नोकरी-धंदा, पोरंबाळं सांभाळणारी माणसंही त्यात होती. तू रात्री जे करतेस त्याला फार जुनं घराणं आहे.

आता तुझं पत्र. ते मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यावर थांबले. 'त्यांचे फोटो अर्थातच टाकले नाहीत.' त्या 'अर्थातच'पाशी तुझा एकटेपणा मला दिसला.

जरा असं बघ. तुझ्यासारखंच कुणीतरी, तेही रात्री उशिरा, हातात दाभण घेऊन बसलेलं, तुझ्या साइटवर आलं. त्याला काय दिसलं? ४१ नीटनेटक्या वह्या. तो माणूस काय म्हणेल? 'सुंदर.' त्याच्यापुढे बोलायला जागाच नाही. पूर्ण झालेल्या वस्तूसमोर माणूस पाहुणा होतो, दोन क्षण उभा राहतो आणि निघतो. पण तिथे वाकलेल्या पुठ्ठ्याचा फोटो असता, खाली लिहिलेलं असतं की 'आठपैकी तीन अशा झाल्या, खळ तीच, पुठ्ठा तोच, मग असं का?', तर त्याच माणसाचा हात आपोआप पुढे आला असता. कारण त्याच्याही कपाटात तसा एक पुठ्ठा असतो. पुस्तकबांधणी करणाऱ्या प्रत्येकाच्या कपाटात असतो.

कारण मला थोडंफार माहीत आहे. कागदाचे तंतू बहुतांशी एकाच दिशेला पडलेले असतात. खळ लागली की ओला कागद तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो आणि वाळताना तेवढाच आकसून पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. बाहेरून कागद डकवला आणि आतल्या बाजूने त्याला तोडीस तोड ओढ मिळाली नाही, किंवा पुठ्ठ्याची आणि कागदाची दिशा जुळली नाही, की कव्हर वाकतं. त्या तीन वह्यांचा कागद वेगळ्या दिशेने कापला गेला होता का, ते बघ. पण माझ्या एवढ्या उत्तरावर समाधान मानू नकोस. मी भरतकाम करणारी बाई, बांधणी मी लांबून बघितलेली. हाच प्रश्न तुझ्या पानावर, तुझ्या शब्दांत, तीन फोटोंसह लिही. 'पुठ्ठा वाळल्यावर का वाकतो' हे शब्द जसेच्या तसे लिही, कारण अडलेला माणूस शोधताना नेमके हेच शब्द टाकतो. 'माझी नवी निर्मिती' असं कुणी शोधत नाही.

माझा तुला सगळा सल्ला म्हणशील तर एवढाच आहे: दुसऱ्याला हात घालता येईल अशी जागा ठेव. बाकी जे सांगते ते त्याच्या पोटातलं.

वैयक्तिक वेबसाइटींचा सुरुवातीचा काळ आठवून बघ. १९९४ साली जिओसिटीज सुरू झालं, कुणालाही आपलं पान विनामूल्य ठेवता येईल अशी जागा. तिथे विषयांप्रमाणे मोहल्ले पाडलेले होते, आणि आपलं पान कुठल्या मोहल्ल्यात बांधायचं ते माणूस स्वतः ठरवायचा. पानांवर 'गेस्टबुक' असायचं, म्हणजे येणाऱ्याने दोन ओळी लिहून जायची वही. मग वेबरिंग आल्या. एकाच छंदाच्या साइटी एका साखळीत ओवलेल्या, प्रत्येकीच्या तळाशी 'मागची' आणि 'पुढची' अशी दोन बटणं, आणि फिरत फिरत माणूस पुन्हा पहिल्या घरी. दिसायला ती पानं भडक होती, चमकणाऱ्या अक्षरांची, पण त्यांच्या मांडणीत शेजार होता. प्रत्येक पानावर दुसऱ्याचा पत्ता होता. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं. साखळ्या आणि गेस्टबुकं मात्र संपली नाहीत. २०१३ मध्ये निओसिटीज सुरू झालं, तिथे आजही लोक हाताने लिहिलेली पानं विनामूल्य ठेवतात आणि एकमेकांच्या पानांवर जाऊन बोलतात. अशा ठिकाणी थोडं फिर. तुझी साइट मात्र आहे तिथेच असू दे, बंद करू नकोस.

साइटीत काय बदलायचं ते भराभर सांगते, फार वेळ लागणार नाही. भेटींचा आकडा काढून टाक. लाइक मोजून थकलीस म्हणून तिथून निघालीस आणि इथे येऊन पुन्हा मोजणंच मांडलंस! ई-मेलचा पत्ता पहिल्याच पानावर ठळक दे, त्यासाठी वेगळा ई-मेल काढ. प्रत्येक नोंदीखाली तारीख घाल, म्हणजे घर नांदतं आहे हे कळतं. आरएसएस फीड जोड. १९९९ पासूनची ही साधी सोय आहे: ज्याला तुझं आवडलं त्याला नवीन नोंद आपोआप कळते, मध्ये कुठलीही कंपनी 'हे दाखवू, हे नको' असं ठरवत नाही. फीड नसेल तर एकदा आलेल्या माणसाने नऊ महिने रोज येऊन बघायचं का? तो विसरणारच, त्यात त्याचाही दोष नाही. आणि 'मला आवडलेली पानं' असं एक पान कर. त्यात पाच साइटींचे दुवे दे आणि प्रत्येकीपुढे ती का आवडली ते एका ओळीत लिही. घरचा पत्ता, मुलाचे फोटो, नोकरीचं ठिकाण यातलं काहीही साइटवर नको. टोपणनावाने लिहिलंस तरी मैत्री खरीच होते.

ही झाली घराची डागडुजी. पण नुसती दारं उघडून बसलं म्हणून माणसं येत नाहीत, आधी आपण उठून जावं लागतं, आणि तुझ्या पत्रात कुठेही तू उठून गेल्याचं दिसलं नाही. नऊ महिन्यांत किती जणांना पत्र लिहिलंस? दुसऱ्या कुणाची शिवण बघून रात्रभर विचार करत राहिलीस, असं झालंच असणार. ते त्याला कळवलंस का?

यात माझा अनुभव सांगण्यासारखा आहे. खूप वर्षांपूर्वी एका अनोळखी बाईच्या पानावर मी तिचं भरतकाम बघायचे. दर वेळी लिहायचे, 'अप्रतिम!' ती दर वेळी उत्तर द्यायची, 'धन्यवाद.' असं सहा वेळा झालं. दोघीही मनापासून लिहीत होतो आणि दोघीही जागच्या हललो नव्हतो. सातव्या वेळी मी विचारलं, 'भरलेल्या वेलीच्या पानाच्या टोकाशी तुम्ही साखळीटाका सोडून उलटी टीप घेतलीत, ती टोक बोथट होऊ नये म्हणून का?' तीन आठवड्यांनी उत्तर आलं. भलंमोठं. सोबत पेन्सिलीने काढलेलं चित्र, सुई कुठून वर येते, कुठे खाली जाते, बाण दाखवलेले. शेवटी तिने लिहिलं होतं की हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ती आज माझ्या अगदी जवळच्या माणसांपैकी आहे, आणि आम्ही अजून एकदाही भेटलेलो नाही.

तेव्हा महिन्याला दोन पत्रं. दोनच, पण नेमकी. कुठली वही, तिच्यातली कुठली गोष्ट, आणि तुला न कळलेला एक प्रश्न. आपल्या साइटचा दुवा सहीखाली असू दे, 'माझंही बघा' म्हणू नकोस. काही पत्रांना उत्तर येणार नाही. लोक आजारी असतात, दमलेले असतात, काहींनी छंदच सोडलेला असतो. ते मनाला लावून घेऊ नकोस. ज्यांचं उत्तर येईल त्यांच्यातल्या एखाद्याशी मग मिळून काही कर. एक वही दोघींत: तू घड्या शिवून पाठव, तिने पुठ्ठा चढवावा. किंवा तिघा-चौघांनी ठरवून एकाच महिन्यात एकाच टाक्याच्या वह्या शिवायच्या आणि प्रत्येकाने आपापल्या पानावर लिहायचं, बिघडलं तेसुद्धा. सोबत काम केल्याने जी ओळख होते ती गप्पांनी होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

किती माणसं जमली म्हणजे गोतावळा झाला? तुला दोऱ्याच्या गाठीवर बोलणारं एक माणूस हवं आहे. तीन झाली तर तुला उत्तरं द्यायला रात्र पुरणार नाही.

नवऱ्याच्या प्रश्नाचा राग धरू नकोस. त्याला खरंच दिसत नाही, कारण त्याला तू फक्त तयार वह्या दाखवतेस. एकदा शिवताना त्याला शेजारी बसव आणि दोरा ताणून धरायला सांग. तो शिवणारा होईल असं मी म्हणत नाही. पण आपली बायको एका ताणलेल्या दोऱ्यासाठी इतकी जागते हे त्याच्या हाताला कळेल.

आणि एक गोष्ट काळजीने विचारते. तुझ्या पत्रात 'एकही माणूस नाही' असं आहे, ते फक्त वह्यांपुरतं आहे ना? दिवसाही तसंच वाटत असेल, नोकरीवर, घरात, मुलाजवळ असतानाही, तर ते ओझं वेबसाइटवर टाकू नकोस. जवळच्या कुणाला ते स्पष्ट शब्दांत सांग, गरज वाटली तर समुपदेशकाकडे जा. वह्या त्याच्या जोडीने चालू राहतील.

जाता जाता एक आठवलं. १९२६ साली 'अमेझिंग स्टोरीज' नावाचं विज्ञानकथांचं मासिक अमेरिकेत निघालं. त्यात वाचकांची पत्रं छापताना खाली त्यांचे पूर्ण पत्तेही छापत. मग वाचक मासिकाला वळसा घालून एकमेकांनाच लिहू लागले. त्यातून मंडळं झाली, १९३० च्या सुमारास त्यांची स्वतःची घरगुती मासिकं निघू लागली. पत्ता दिसत होता म्हणून हे सगळं झालं.

आणि तू मला साइटबद्दल एवढं सगळं लिहिलंस, पण तिचा पत्ता पत्रात कुठेच नाही. मी उलटसुलट करून बघितलं. पुढच्या पत्रात तो लिही. तुझी परवानगी असल्याशिवाय मी छापणार नाही, पण मला त्या तीन वह्या बघायच्या आहेत.

तुझी,
ताई