वाचकांचे प्रश्न : पाय नसलेली सापसुरळी

प्रश्न : माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त टांझानियातील मोरोगोरो येथे असतो. उलुगुरू डोंगरातील जंगलात पाचोळ्याखाली सापडलेल्या वीतभर, काळसर, चकचकीत प्राण्याचे छायाचित्र त्याने पाठवले असून, ती बिनपायांची सापसुरळी असल्याचे वाटाड्याने त्याला सांगितले. आमच्या कुळागरात पोफळीच्या बुंध्याशी खणताना असाच वाळा, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा बारीक साप, निघतो. मग हा वाळाच कशावरून नव्हे?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : शंका रास्त आहे, कारण वाळा झाडांच्या मुळांतील मातीबरोबर प्रवास करत पूर्व आफ्रिकेतही पोचला आहे. तरीही वाटाड्याचे म्हणणे बरोबर असावे. त्या डोंगरांतील जंगलांत मेलानोसेप्स या प्रजातीच्या सापसुरळ्या राहतात; बूलांजे या प्राणिशास्त्रज्ञाने 1887 मध्ये ही प्रजाती वेगळी केली. त्यांना पाय अजिबात नसतात.

पाय नाहीत म्हणजे साप, हा आपला ठोकताळा इथे फसतो. भुसभुशीत मातीत घुसणाऱ्याला पाय अडचणीचेच होतात, म्हणून सापसुरळ्यांच्या अनेक शाखांत ते स्वतंत्रपणे आखूड होत गेले किंवा नाहीसे झाले. मात्र सापाच्या सांगाड्यात खांद्याच्या हाडांचा मागमूसही उरलेला नसतो, तर बिनपायांच्या सरड्यांत बहुधा त्यांचे अवशेष सापडतात. हे अर्थात छायाचित्रात दिसणार नाही. पोटाचे खवलेही निर्णय देत नाहीत, कारण इतर सापांच्या पोटावर असतात तसे रुंद पट्टे वाळ्याला नसून त्याचे खवले सर्वांगावर सारखेच असतात. त्याऐवजी दोन्ही टोके पाहावीत. वाळ्याचे तोंड मुस्कटाच्या खालच्या अंगाला असते, जीभ दुभंगलेली असते आणि अगदी आखूड शेपटीच्या टोकाला बारीक काटा असतो. सापसुरळीची जीभ रुंद, टोकाशी जेमतेम खाचेची असते. शिवाय तिच्या खवल्यांखाली हाडाच्या चकत्या असल्याने अंग हाताला टणक लागते.

तिसरा उमेदवारही विसरू नये. आपल्याकडच्या देवगांडुळांचे, म्हणजे गांडुळासारख्या दिसणाऱ्या बिनपायांच्या उभयचरांचे, भाऊबंद उलुगुरूतही आहेत. गोव्याच्या नावाची जेजेनिओफिस गोवाएन्सिस ही जाती तर 2007 मध्येच नोंदली गेली. पण देवगांडुळे बेडकांच्या वर्गातली, त्यामुळे त्यांच्या ओलसर अंगावर कडीसारखी वळी दिसतात.

भावाला तोंडाचे आणि शेपटीचे जवळून छायाचित्र मागवावे. प्राणी उचलावाच लागला तर शेपटीला धरू नये. सापसुरळ्यांची शेपटी सहज तुटते.