आधी हातातलं झूम नीट वापर

अरे, ऑनलाइन कार्यक्रमात श्रोत्यांना सहभागी करून घ्यायला वेगळ्या ॲपची वर्षाची वर्गणी भरू का, असं विचारतोस, तर लगेच भरू नकोस. झूमच्या पैसे भरलेल्या खात्यात पोल, म्हणजे श्रोत्यांचं मत घेणारे झटपट प्रश्न, येतातच. चॅट आणि ब्रेकआउट रूम (लोकांना छोट्या गटांत वेगळं बोलायला बसवायची सोय) तर फुकट खात्यातही मिळतात. पुढचे 3 कार्यक्रम एवढ्यावरच कर. आमच्या मंडळाच्या व्याख्यानात मी दुसऱ्या ॲपचा क्यूआर कोड दाखवला, तर निम्मे आजी-आजोबा मोबाइलवरच व्याख्यान ऐकत होते. त्याच मोबाइलने कोड स्कॅन करणार कसा? पुढच्या वेळी नुसतं विचारलं, "तुमचं गाव कोणतं? चॅटमध्ये टाका," आणि गावांची रांगच लागली. वक्त्याने त्यातली दोन-तीन नावं वाचली की माणसं थांबतात. मात्र श्रोते शेकड्यांनी असतील, प्रश्न चॅटमध्ये वाहून जात असतील, तर श्रोत्यांना एकमेकांच्या प्रश्नांना मतं देता येणारं स्लायडो हे ॲप जरूर घे. तेही आधी मोफत प्लॅनवर, घरच्या चौघांना बसवून तपास.